उसनवारीचा धर्म

जे दिलेले नाही ते घेऊ नये, हा मनुष्याच्या नीतिविचारातील फार जुना आणि वरवर पाहता अत्यंत निर्विवाद असा नियम आहे. पतंजलींनी यमांमध्ये अस्तेयाची गणना केली. जैनांनी अदत्तादानाच्या त्यागाला महाव्रताची प्रतिष्ठा दिली. बौद्धांच्या पंचशीलात त्याला दुसरे स्थान मिळाले. आणि मोझेसने सिनाई पर्वतावरून आणलेल्या दहा आज्ञांतही तो आहेच. परंतु हा नियम एका गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीत असे की, जगातील प्रत्येक वस्तूला कोणी एक धनी असून ती देण्याचा अथवा न देण्याचा अधिकार त्या धन्याच्या हाती असतो. ईशावास्योपनिषदाच्या पहिल्याच मंत्राने या गृहीताच्या मुळाशी हात घातला आहे. चराचरात जे जे आहे ते ईश्वराने व्यापलेले असल्यामुळे त्यावर माणसाचे स्वामित्व नाही, भोगायचे ते त्यागपूर्वक भोगायचे आणि परधनाची अभिलाषा धरायची नाही, असा त्या मंत्राचा आशय आहे. आता ज्या मंत्राने माणसाचे स्वामित्वच काढून घेतले त्याच मंत्राने परधनाचा उल्लेख करावा, यातील अवघडपणा विचारी वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही. सारेच जर एकाचे आहे, तर परके धन कोणते? आणि मनुष्य जर धनीच नव्हे, तर त्याने केलेले दान तरी कसले, आणि त्याच्याकडून न विचारता घेतलेले ते चोरी कसे?

हा प्रश्न मी येथे उपस्थित करतो तो एखाद्या भाष्यग्रंथाच्या निमित्ताने नव्हे, तर एका जपानी अॅनिमेशनपटाच्या, आणि त्यातही विशेषेकरून त्याच्या संगीताच्या निमित्ताने. विषयाचे गांभीर्य त्यामुळे उणावते असे मला वाटत नाही. अवधूताने यदुराजाला जे चोवीस गुरू सांगितले त्यांत मधमाशी आहे, कोळी आहे, बाण घडविणारा कारागीरही आहे; आणि एकनाथांनी आपल्या भागवतात त्या साऱ्यांचा विस्तार करताना कोणाच्याही क्षुद्रपणाची सबब सांगून त्याला वगळलेले नाही. तेव्हा दहा सेंटिमीटर उंचीच्या एका मुलीपासून अस्तेयाचा विचार शिकण्यास आपणही संकोच बाळगण्याचे कारण नाही.

ही मुलगी म्हणजे आरिएटी. मेरी नॉर्टन या इंग्रज लेखिकेने 1952 साली ‘द बॉरोअर्स’ ही बालकादंबरी लिहिली; जुन्या घरांच्या फळ्यांखाली राहणारी आणि वरच्या माणसांच्या चिजा हळूच उचलून त्यांवर आपला संसार उभा करणारी ठेंगणी माणसे तिच्यात आहेत. जपानच्या स्टुडिओ जिब्लीने या कादंबरीवरून 2010 साली चित्रपट काढला. पटकथा हायाओ मियाझाकी आणि केइको निवा यांची, दिग्दर्शन हिरोमासा योनेबायाशी यांचे, आणि कथेचे घर इंग्लंडमधून उचलून टोकियोच्या पश्चिमेकडील कोगानेईच्या परिसरात आणलेले. हृदयविकाराने ग्रासलेला शो नावाचा मुलगा शस्त्रक्रियेपूर्वीची विश्रांती घेण्यासाठी आजीच्या बहिणीच्या या घरी येतो, आणि त्याच घराच्या तळाशी आरिएटी आपल्या आईवडिलांसह, म्हणजे होमिली आणि पॉड यांच्यासह, राहत असते. माणसाच्या दृष्टीस पडलो की घर सोडायचे, हा या कुळाचा कुलाचार आहे.

चित्रपटाच्या आरंभी आरिएटी वडिलांबरोबर पहिल्यांदाच रात्रीच्या उसनवारीला निघते, तो प्रसंग मी पुनःपुन्हा पाहिला आहे. भिंतीच्या पोटातून जाताना लाकडात ठोकलेल्या खिळ्यांची शिडी होते. वाटेत सापडलेली टाचणी आरिएटी तलवारीसारखी कमरेला खोचते. आणि मेजाच्या गुळगुळीत पायावरून वर चढण्यासाठी पॉड हातापायांना चिकटपट्टी लावतो. काय हवे याचा निर्णय निघण्यापूर्वीच झालेला असतो: साखरेचा एक खडा आणि एक कागदी रुमाल. साऱ्या स्वयंपाकघरात मांडून ठेवलेल्या ऐश्वर्याकडे पाहत असताना पॉडचा हात या दोन वस्तूंखेरीज तिसऱ्या वस्तूकडे वळत नाही, आणि हे तो कोणा ऋषीच्या उपदेशामुळे करीत नसून त्याच्या धंद्याची ती रीतच आहे. या प्रसंगी संगीत जवळजवळ मागे सरते आणि त्या अजस्र खोलीचे स्वतःचे आवाज, यंत्रांची घरघर आणि घड्याळाचे ठोके, मोठे होऊन कानांवर आदळू लागतात. ज्या चित्रपटाचे संगीत इतके गाजले त्याच्या कर्त्यांनी चोरीसारख्या दिसणाऱ्या या प्रसंगाला सुरांचे अस्तर लावून तो गोड करून घेतला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रेक्षकाने ती शांतता सोसावी, आणि हे घेणे योग्य की अयोग्य याचा निवाडा त्याने त्या शांततेतच करावा, अशी ही योजना आहे.

अदत्तादानाचा नियम शब्दशः लावला तर पॉड हा चोर ठरतो, यात शंका नाही. आपल्याकडील माधुकरीशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो. भुंग्याने फुलाला न दुखविता थोडा थोडा मध घ्यावा त्याप्रमाणे पाच घरी थोडे थोडे अन्न मागून गरीब विद्यार्थ्याने आपले शिक्षण पुरे करावे, ही आपल्या समाजाने कित्येक शतके चालविलेली रीत होती. परंतु माधुकरी मागणारा दाराशी उभा राहतो, आवाज देतो, आणि नकार ऐकण्याची तयारी ठेवतो; पॉडला दाराशी उभे राहताच येत नाही, कारण तो दिसला की त्याचा नाश ठरलेला. ज्याला मागण्याचीच सोय ठेवलेली नाही त्याने न मागता घेतले, तर तो दोष कोणाच्या पदरी घालावा? याचे उत्तर धर्मशास्त्राच्या कोणत्याही दफ्तरात मला आयते सापडलेले नाही. पॉडचे कुटुंब त्या घरात किती काळ नांदत आले आहे हे पाहिले तर ज्याला महसुली भाषेत वहिवाट म्हणतात तसा काही हक्क त्यांना पोहोचतो, असेच माझे मन म्हणते. आणि वहिवाटीचा हक्क हा सनदेवर नव्हे, तर वापरण्याच्या मर्यादेवर आणि सातत्यावर टिकत असतो.

आता संगीताकडे वळतो. सेसिल कोर्बेल ही फ्रान्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रिटनी प्रांतातील गायिका. ती हार्प वाजवून गाते. जिब्लीचे चित्रपट आवडत असल्याच्या कृतज्ञतेपोटी तिने आपल्या गाण्यांची एक सीडी पत्रासह त्या संस्थेकडे पाठविली. मागणे असे त्यात काही नव्हते. जगभरातून येणाऱ्या टपालाच्या ढिगात हाताने पत्ता लिहिलेले ते पाकीट निर्माते तोशिओ सुझुकी यांच्या नजरेस पडले, त्यांनी ती सीडी ऐकली, आणि पुढे एका शीर्षकगीताच्या विचारापासून सुरू झालेली गोष्ट संपूर्ण चित्रपटाचे संगीत तिच्याकडे सोपविण्यापर्यंत गेली. सिमों काबी हा तिचा सहकारी तिच्या जोडीला होता. ज्या संस्थेच्या चित्रपटांना तोवर जपानी संगीतकारांनीच संगीत दिले होते तिने प्रथमच परदेशी माणसाला हे काम दिले, आणि कोर्बेलने शीर्षकगीत जपानीत गायिले. इंग्रज लेखिकेची कथा, जपानी बाग, ब्रेटन हार्प: या चित्रपटातील एकही प्रमुख द्रव्य आपल्या जागी उत्पन्न झालेले नाही. उसन्या वस्तूंवर जगणाऱ्यांची कथा उसन्या सुरांनी सांगितली गेली, आणि तरीही ती ऐकताना उसनेपणाची ठिगळे कोठे दिसत नाहीत. काही ठिकाणी हे संगीत नुसतेच गोड होते, हे मान्य केले पाहिजे. पण जिथे हार्पचा एकेक सुटा स्वर ओसाड बागेवर पडत जातो तिथे त्या लहानशा जीवांच्या जगण्याचे माप नेमके साधलेले आहे. मोठ्या वाद्यवृंदाने ते माप चुकले असते.

मात्र ज्याला आपण सहजपणे केल्टिक हार्प म्हणतो त्या वाद्याचीच मिळकत तपासू लागलो, तर तिथेही एकावर एक उसनवारीचे थर निघतात. 1792 सालच्या जुलै महिन्यात बेलफास्ट येथे आयर्लंडमधील उरल्यासुरल्या पारंपरिक हार्पवादकांना एकत्र बोलाविण्यात आले, तेव्हा साऱ्या आयर्लंडातून अवघे दहा जण आले. त्यांतील बरेच अंध होते. सर्वांत वृद्ध डेनिस हेम्पसन हा 97 वर्षांचा होता, आणि धातूच्या तारा वाढविलेल्या नखांनी छेडण्याची जुनी पद्धत त्या मेळ्यात त्याच्यापाशीच उरली होती. या पद्धतीत एक विशेष आहे. धातूची तार एकदा छेडली की तिचा नाद फार काळ रेंगाळतो, आणि पुढच्या स्वरात मिसळून गोंधळ करू लागतो. म्हणून ज्या बोटांनी स्वर काढायचा त्याच बोटांनी तो योग्य क्षणी पुन्हा तारेवर टेकून मिटवायचाही असतो. वादकाची निम्मी विद्या अशी स्वर परत करण्याची असते. हेम्पसनच्या पिढीबरोबर ती विद्या जवळजवळ लुप्त झाली.

त्या मेळ्यात एडवर्ड बंटिंग नावाचा 19 वर्षांचा ऑर्गनवादक बसून चाली उतरवून घेत होता, आणि त्याने 1796 साली त्या पियानोसाठी बसवून प्रसिद्ध केल्या. त्याने उतरविल्या नसत्या तर त्यांतील कितीतरी चाली आज ऐकू आल्या नसत्या. तथापि उतरवून घेताना त्याने त्या पियानोच्या पट्ट्यांत आणि युरोपीय स्वरसंगतीच्या चौकटीत बसविल्या, हेही तितकेच खरे. पुढे टॉमस मूर या कवीने बंटिंगच्या संग्रहातील चालींवर गीते रचून दिगंत कीर्ती मिळविली, आणि बंटिंगला त्याचे शल्य वाटले. चाली जगल्या, वादक गेले. ही उसनवारी झाली की लूट? दोन्ही बाजूंची कैफियत ऐकल्यावर मला असे वाटते की, बंटिंगने वादकांपासून काही हिरावून घेतले नाही. त्यांना आश्रय देणारा गेलिक सरदारवर्ग त्यापूर्वीच धुळीस मिळाला होता. परंतु चालीच्या जिवंतपणासाठी वादक लागतो, नुसता कागद पुरत नाही, ही गोष्ट त्याच्या काळाने लक्षात घेतली नाही.

त्या वादकांनी स्वतः तरी काय केले होते? टरलो ओ’कॅरोलन हा त्यांचा शिरोमणी. देवी येऊन अठराव्या वर्षी दृष्टी गेलेला, आणि एका आश्रयदात्रीने दिलेल्या घोड्यावर बसून घरोघर हिंडत यजमानांच्या नावाने चाली रचणारा. 1738 साली तो वारला. त्याच्या रचनांत इटलीतील तत्कालीन संगीताचा संस्कार उघड ऐकू येतो, आणि ज्या रचनांना आज शुद्ध आयरिश म्हणून मान मिळतो त्यांतील काहींची अंगकाठी इटालियन आहे. आणि ब्रिटनीत तर हार्पची परंपरा मध्ययुगानंतर पूर्णच खंडित झाली होती. फ्रेंच सरकारच्या अर्थखात्यात नोकरी करणारे जॉर्ड कोशेवेलू या गृहस्थांनी जुन्या वाद्यांचा अभ्यास करून 1953 साली एक हार्प तयार केली आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती दिली. तो मुलगा पुढे अलान स्तिवेल या नावाने प्रसिद्ध झाला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रेटन हार्पला जे काही नवजीवन लाभले त्याचा फार मोठा वाटा त्याचा आहे. म्हणजे कोर्बेलच्या हातातील वाद्य तिला अखंड वंशपरंपरेने मिळालेले नाही. ते मृतांकडून उसने आणलेले आहे, आणि मृतांची परवानगी घेता येत नाही.

येथे मला एक जुनी आयरिश धर्मकथा आठवते. सहाव्या शतकातील संत कोलंबाने आपले गुरू फिनियन यांच्याजवळील स्तोत्रसंहितेची प्रत रात्री गुपचूप उतरवून घेतली. गुरूंना ते कळले, त्यांनी ती प्रत मागितली, शिष्याने नाकारली, आणि फिर्याद डिअरमट राजापुढे गेली. गाय ज्याची त्याचेच वासरू, या गोठ्यातील न्यायाने राजाने प्रतही मूळ पोथीच्या मालकाची ठरविली. कोलंबाला तो निवाडा अन्याय्य वाटला. त्यातून म्हणे 561 सालची कूल ड्रेमनची लढाई उद्भवली, रक्तपात झाला, आणि पश्चात्तापाने दग्ध होऊन तो 563 साली स्वदेश सोडून स्कॉटलंडजवळील आयोना बेटावर गेला. ही कथा सविस्तर लिहिली गेली ती जवळजवळ हजार वर्षांनी, 1532 साली, त्यामुळे तिला इतिहासाचा दस्तऐवज मानता येणार नाही. पण जी पोथी परंपरेने कोलंबाची प्रत मानली जाते तिची 58 पाने डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आजही जतन केलेली आहेत, आणि ज्या समाजाने ही कथा इतक्या आस्थेने सांभाळली त्याला हा प्रश्न किती खोल टोचत असला पाहिजे याची ती साक्ष आहे.

राजाच्या निवाड्यात मला जी उणीव दिसते ती अशी. वासरू गाईच्या देहातून येते, गाईचे दूध आणि शक्ती वेचून वाढते. परंतु कोलंबाने प्रत केल्याने फिनियनच्या पोथीतील एक अक्षरही उणे झाले नव्हते. साखरेचा खडा उचलला म्हणजे बरणीत एक खडा कमी होतो. स्तोत्र उतरविले, चाल उचलली, राग शिकून घेतला, तर मूळ जागी काहीच घटत नाही. उलट दोन ठिकाणी ते नांदू लागते. अस्तेयाचा नियम जड द्रव्याला जसाच्या तसा लागू पडतो, पण नादाला लावताना त्याचा अर्थ नव्याने पाहावा लागतो. स्कॉटलंडच्या ‘ऑल्ड लँग साइन’ या गीताची चाल जपानने 1881 सालच्या शालेय गीतसंग्रहात स्वीकारली, आणि आज तिथे ती शाळेच्या निरोपसमारंभात गातात, दुकाने बंद होण्याच्या वेळीही वाजवितात. त्याच चालीवर रवींद्रनाथांनी बंगालीत गीत रचले. सप्तकातील मध्यम आणि निषाद वगळून उरणाऱ्या पाच स्वरांची ती चाल आहे, आणि ज्या पाच स्वरांना आपण भूप म्हणून ओळखतो तेच ते पाच स्वर होत. जपानी कानाला ही स्वरपंक्ती आधीपासूनच जवळची होती, म्हणून स्कॉटिश गीते तिथे इतक्या सहजतेने रुजली. भूपाचा धनी कोण, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर देणाऱ्यानेच लज्जित व्हावे.

तथापि, नाद कोणाचाच नाही म्हणून तो सर्वांचा, हे अनुमान मला पुरेसे वाटत नाही. आणि या ठिकाणी विचाराची गती थोडी मंद करणे अवश्य आहे. सारे सर्वांचे आहे, हे वाक्य ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या तोंडी फार सोयीचे असते. बागेतील एका प्रसंगी शो आरिएटीला सांगतो की पृथ्वीवर मनुष्ये अब्जावधी आहेत, तुम्ही मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तुमचे कूळ नष्ट होणार हे ठरलेलेच आहे. तो दुष्ट नाही. मरणार तो आपणच या भयाने तो बोलत असतो, आणि थोड्याच वेळात ते कबूलही करतो. पण आरिएटीला जे ऐकावे लागते ते ऐकावे लागतेच. तिची भूमिका कोर्बेलने शीर्षकगीतात प्रथमपुरुषात गायिली आहे, आणि ब्रिटनीच्या मुलीला ती सोंग म्हणून करावी लागली नसेल, असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटनीच्या शाळांत ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा जुनी खडाव अडकविली जाई, आणि ब्रेटन बोलणारे दुसरे मूल हेरून ती वस्तू त्याच्या गळ्यात घालीपर्यंत पहिल्याची सुटका होत नसे. मुलांनी मुलांवर पाळत ठेवावी अशी ती शिक्षा होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुमारे 10 लाख लोक ब्रेटन बोलत असत. आज ती संख्या दोन लाखांच्याही खाली आली आहे, आणि बोलणाऱ्यांत वृद्धांचाच भरणा अधिक आहे. अशा लोकांचे संगीत धुके आणि दगडी स्मारके यांच्या चित्रांनी सजवून सुगंधी द्रव्यासारखे बाजारात विकले जाते, तेव्हा मूळ पोथीतील एकही अक्षर कमी झाले नाही हा युक्तिवाद तोकडा पडतो. अक्षरे तेवढीच राहतात; वाचणारे मात्र कमी होत जातात.

मग उसनवारी आणि लूट यांच्यामधली सीमा कोठे आखावी? ती वस्तूत सापडत नाही, परवानगीतही पूर्णपणे सापडत नाही, असे मला या चित्रपटाने पटवून दिले. आणि ते ज्या प्रसंगाने पटविले त्यात घेणारा नसून देणारा दोषी आहे. त्या घरात शोच्या पूर्वजांनी या ठेंगण्या जीवांसाठी हौसेने करवून ठेवलेले एक बाहुलीघर असते. त्यातील स्वयंपाकघर फार देखणे. शोला आरिएटीचा लळा लागतो, आणि एके दिवशी तो पहारीने जमिनीची फळी उचकटून, त्यांच्या घराचे छप्पर उचलून, होमिलीचे हाताने उभारलेले स्वयंपाकघर काढून त्या जागी बाहुलीघराचे स्वयंपाकघर बसवितो. त्याच्या मनात निर्मळ प्रेमाखेरीज दुसरे काही नसते. खालून पाहणाऱ्या होमिलीला मात्र तो प्रलय वाटतो, आणि त्या दानामुळेच कुटुंबाला घर सोडून जाण्याची तयारी करावी लागते. न मागता घेतलेला साखरेचा खडा घराला अपाय करीत नाही आणि न मागता दिलेले स्वयंपाकघर घर उद्ध्वस्त करते, हा विपर्यय पाहिल्यावर अदत्त आणि दत्त यांवर नीतीची सारी इमारत रचता येत नाही, हे उघड होते. विनोबांनी 1951 साली पोचमपल्लीहून भूदानाची यात्रा आरंभिली तेव्हा मी भिक्षा मागत नाही, मला घरातला सहावा पुत्र समजून माझा वाटा द्या, अशी त्यांची मांडणी होती. दात्याच्या अहंकाराला त्यात जागाच ठेवलेली नव्हती, आणि घेणाऱ्याच्या घराचे छप्पर उचलण्याचा अधिकारही दात्याला त्यात मिळत नव्हता.

मला असे वाटते की, सीमा जर कोठे असेल तर ती ऋणाच्या जाणिवेत आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर ती परत करताना वाटीला शीग लावून द्यायची, ही आपल्या घराघरांतील रीत. परत करण्याच्या त्या शिगेतच उसनवारी आणि याचना यांचा भेद साठविलेला असतो. आरिएटीच्या हातून पहिल्या रात्री पडलेला साखरेचा खडा शो दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी ठेवतो, तर ती तो घेत नाही, त्याच्या खिडकीशी नेऊन परत ठेवते. स्वतःच्या धंद्याचा मान तिला इतका कळतो. शेवटच्या भेटीत तोच साखरेचा खडा ती स्वीकारते, आणि केसांतला लहानसा चिमटा काढून त्याच्या हाती ठेवते. त्या क्षणी त्यांच्यात उसनवारी उरत नाही, देवघेव होते, आणि ती होण्यासाठी मध्यंतरी पकडल्या गेलेल्या होमिलीच्या सुटकेत शोने हात दिलेला असतो आणि बाहुलीघराचे स्वयंपाकघर गुपचूप जागच्या जागी नेऊन ठेवलेले असते. आपले दान मागे घेण्यास तो शिकला, तेव्हा त्याला घेणे साधले. ईशावास्याच्या मंत्रात त्यागपूर्वक भोगण्याची जी गोष्ट आहे तिचे इतके सरळ उदाहरण मला अलीकडच्या कथांत दुसरे आढळलेले नाही. स्वामित्व कोणाचेच नसले तरी ऋण प्रत्येकाचे असते, आणि परधन म्हणजे ज्याच्याविषयीचे ऋण आपण मानण्यास तयार नाही ते, असा त्या मंत्राच्या उत्तरार्धाचा अर्थ लावला तर त्यातील अवघडपणा मावळतो. हा अर्थ परंपरेतील भाष्यांना सोडून आहे, याची मला कल्पना आहे. पण तो मी पूर्ण श्रद्धेने मांडतो आहे.

या मापाने कोर्बेलच्या संगीताकडे पाहिले तर जिब्लीच्या बाजूने एक गोष्ट निःसंशय नोंदवावी लागते. त्यांना हवा असता तर तो ब्रेटन सूर टोकियोतल्या कोणा कुशल संगीतकाराकडून हुबेहूब बनवून घेता आला असता. तसे इतरत्र रोज घडते, आणि कायदा त्याला आडवा येत नाही. त्यांनी सूर मागितला तो ज्या मातीतला होता तिथल्याच माणसाकडे, आणि तिचे नाव चित्रपटाच्या भाळी लिहिले. आणि कोर्बेलच्या बाजूने असे की, जपानीत गायिलेले ते शीर्षकगीत तिने इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि इटालियन भाषांत गायिले, तसेच ब्रेटनमध्येही गायिले. ज्या भाषेच्या मुलांच्या गळ्यात एके काळी लाकडाचा तुकडा अडकविला जात होता, तिच्या गीतसंचयात आज एका जपानी मुलीचे गाणे जमा आहे, आणि ते ब्रेटन शिकणारी मुले आपले म्हणून गाऊ शकतात.